घाटांतील झोंप

सोलापूर हें शहर घाटावरचें खरें. पण घाट येथून दिसत नाहीं. चोहोंकडे काळी नाहीं तर मुरमाड जमीन आणि उत्तरेस तुळजापुराकडे बालाघाटाचे उंचवटे, एवढेंच काय तें डोंगराचें दर्शन. तरीहि या शहराचा समुद्राशीं जो जो व्यवहार झाला, तो सह्याद्रि ओलांडूनच झाला. येथील चादर मुंबईस गेली ती घाट उतरून, आणि येथील गिरण्यांचीं यंत्रें आलीं तीं घाट चढून. आगगाडीच्या मार्गानें सोलापूर ते लोणावळा हें अंतर सुमारें २०० मैल आहे. एवढ्या प्रवासांत उतारू समुद्रसपाटीपासून सुमारें १५०० फुटांवरून २००० फुटांवर जातो. आपण चढलों हें त्याच्या ध्यानांतहि येत नाहीं. पुढें मात्र पंधरासोळा मैलांत तो १८०० फुटांहून अधिक खालीं येतो. रात्रीच्या गाडीचा योग असा कीं, हा उतार पहाटेच्या अंधारांत, झोंप सर्वांत गाढ असते त्याच वेळीं लागतो. रात्रीं सोलापुरास निजावें आणि सकाळीं मुंबईस उठावें, हीच आमच्याकडील कुटुंबांची प्रवासाविषयींची समजूत होऊन बसली आहे. मध्यें एक पर्वत होता याची आठवण कोणास राहत नाहीं.

या एका रात्रीसाठीं आज पुष्कळ वाहनें आहेत. आगगाडी आहे, एस. टी.ची रातराणी आहे, आणि सायंकाळीं चौकांत रंगीत दिवे लावून उभ्या राहणाऱ्या खासगी शयनगाड्या, ज्यांस लोक सरसकट 'स्लीपर' म्हणतात, त्याहि आहेत. कोणी मुंबईस जातो, कोणी कोल्हापुरावरून गोव्यास, कोणी आंबा घाटानें रत्नागिरीस. मग खालची शय्या घ्यावी कीं वरची, एकेरी कीं दुहेरी, पुढची कीं मागची, याची चर्चा घरोघर चालते. ती हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. संधिवातानें गांजलेल्या वृद्धेस वरच्या शय्येवर चढविणें काय असतें, हें ज्यांनीं केलें आहे त्यांस ठाऊक आहे. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र या चर्चेंत ओळखीचा सूर ऐकूं येतो. निजून प्रवास करण्याची हौस आपल्या देशांत आगगाडीहून पुष्कळ जुनी आहे. सुखानें निजावयाचें तर कोणतें वाहन पत्करावें, हा प्रश्न दोनशें वर्षांपूर्वींच्या लोकांनींहि आपल्यापरी सोडविला होता. त्यांचें उत्तर होतें पालखी.

पेशवाईंत पालखी पैशानें मिळत नसे, मानानें मिळे. सरकारांतून पालखी बहाल होणें ही मोठी गोष्ट, आणि तिच्या खर्चासाठीं निराळी नेमणूक होत असे. कंपनीच्या अमलांत मान गळाला आणि भाडें तेवढें उरलें. दूरच्या मुक्कामास जाणारा साहेब पोस्टमास्तराकडे कांहीं दिवस आधीं अर्ज करी व पैसे भरी. मग मार्गांतील टप्प्याटप्प्यावर ताज्या दमाचे भोई त्याची वाट पाहत उभे राहत. उन्हाच्या भीतीनें ही डाक बहुतेक रात्रींच चाले. एका पालखीमागें आठ भोई, एकदोन मशालची, शिवाय सामानाच्या कावडी वाहणारे. आंत गादी, उशी, दोहों बाजूंस सरकतीं दारें; उतारूनें पाय पसरून निजावें. ठरल्या वेळीं तो टप्प्यावर पोंचला नाहीं, तर भोयांच्या खोळंब्याचा आकार त्याच्या माथीं बसे. आगाऊ आरक्षण, अनामत, उशिराबद्दलचा दंड, हीं सर्व कलमें तेव्हांच लिहून झालीं होतीं. संगणकानें त्यांत फारशी भर घातलेली नाहीं.

तक्रारीहि त्याच होत्या. त्या काळच्या इंग्रज प्रवाशांच्या लिखाणांत मशालीच्या तेलाचा उग्र वास येतो, भोयांचा अखंड चाललेला सूर येतो, आणि सर्वांत अधिक येतें तें टप्पा बदलतांनाचें जागें होणें. डोळा लागतो न लागतो तोंच पालखी खालीं टेकावी, पडदा सरकावा, आणि जाणाऱ्या भोयांनीं बक्षिसासाठीं हात पुढें करावा. रात्रींतून असें तीनचार वेळां. आजच्या शयनगाडींत मध्यरात्रीं दोन वाजतां एकदम सर्व दिवे लागतात, आणि गाडीचा पोऱ्या 'जेवणाला वीस मिनिटं' म्हणून ओरडत जातो, तेव्हां मला त्या साहेबांची आठवण होते.

परंतु एक फरक आहे. पालखींत निजणाऱ्याला आपल्या झोंपेसाठीं कोण जागत आहे हें दिसत असे, ऐकूं येत असे. एका माणसाच्या निद्रेमागें दहाबारा माणसांचें जागरण होतें, आणि त्यांचे श्वास त्याच्या कानाशींच चालत. घाट आला म्हणजे तर हा हिशेब फारच उघड होई. बोरघाटाच्या चढावर पालखीचा पुढचा दांडा वर जाई, मागच्या भोयांवर सगळा भार येई. तेथें पुष्कळ प्रवासी मुकाट्यानें उतरून चालूं लागत, किंवा तट्टावर बसत. दया म्हणा, भीति म्हणा. घाटांत पालखींत निजून राहण्याचा धीर सर्वांस होत नसे.

हें सर्व अर्थात् मूठभरांचें झालें. बाकीचा महाराष्ट्र घाट पायींच चढला आणि पायींच उतरला. वंजाऱ्यांचे बैल गोणी घेऊन जात, त्यांच्यामागें माणसें जात, आणि रात्र पडली म्हणजे घाटाच्या तोंडाशीं मुक्काम होई. रात्रीं घाट चालावयाचा नाहीं, हा साधा नियम होता. पायथ्याशीं खोपोलीस नाना फडणविसांनीं तलाव व देऊळ बांधलें तें याच मुक्कामाच्या सोयीसाठीं. विष्णुभट गोडसे १८५७ सालीं पेणजवळच्या वरसईहून निघाले, ते घाट चढून उत्तरेकडे गेले तेहि आपल्या पायांनीं. त्यांचा 'माझा प्रवास' वाचतांना आपलें लक्ष बंडाच्या धामधुमीकडे जातें. पण निजावें कोठें, हा प्रश्न त्या पुस्तकांत पानोपानीं उभा आहे. प्रवास आणि झोंप या त्यांच्या दृष्टीनें दोन निरनिराळ्या वस्तु होत्या. एक संपल्यावर दुसरी. त्या दोन्ही एकाच वेळीं करतां येतील, ही कल्पना सामान्य मनुष्याच्या डोक्यांत आगगाडीनें घातली.

बोरघाटांतून चाकाच्या गाड्या जाण्याजोगा रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत १८३० सालीं खुला झाला. त्यानें मालाची ने-आण वाढली. झोंपेची सोय झाली असें म्हणवत नाहीं. खरा पालट पुढचा. १८५३ च्या एप्रिलांत मुंबईहून ठाण्यास आगगाडी गेली ही गोष्ट शाळेंतील मुलांसहि पाठ असते. ती गाडी १८५६ च्या मे महिन्यांत खोपोलीस पोंचली आणि तेथें तिला पर्वत आडवा आला. कंपनीनें थांबून न राहतां वरच्या बाजूनें काम चालूं ठेवलें. खंडाळा ते पुणें हा भाग १४ जून १८५८ रोजीं सुरू झाला. पुढें रूळ दौंडावरून भीमेच्या कांठाकांठानें सरकत १८५९ अखेर बार्शी रोडास, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीस, आले. आणि १८६० च्या जून महिन्यांत आगगाडी सोलापुरांत शिरली. घाट मात्र अजून फुटावयाचा होता.

याचा परिणाम मौजेचा झाला. १८६० पासून जवळजवळ तीन वर्षें सोलापूरकर आगगाडींत बसून खंडाळ्यापर्यंत जाई; तेथें सामानसुमान घेऊन उतरे; पालखी, तट्टू किंवा बैलगाडी, ज्याची जशी ऐपत, तिनें घाट उतरून खोपोली गांठी, आणि तेथें दुसऱ्या आगगाडींत बसे. वाफेच्या दोन युगांमध्यें भोयांच्या खांद्यांचें एक जुनें युग असें दाबून बसलें होतें. भोयांचा धंदा आगगाडीनें बुडविला असें आपण वाचतों. बोरघाटांत तिनें तो प्रथम चढविला आणि मग एका दिवसांत बुडविला. तो दिवस २१ एप्रिल १८६३. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें घाटांतील लोहमार्ग उघडला.

त्या मार्गाचे आंकडे आजहि वाचण्यासारखे आहेत. सुमारें १६ मैलांत १८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आणि कठीण जागीं ३७ फुटांस एक फूट असा चढ. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली. तो घाट पुरा होण्यापूर्वींच, १८६२ सालीं वारला. पहिल्या ठेकेदारानें काम अर्ध्यावर टाकलें. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, विलायतेहून आला आणि थोडक्याच आठवड्यांत मरण पावला. तेव्हां त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिनें तो ठेका आपल्या नांवावर चालवून हाताखालच्या इंजिनियरांकडून पार पाडला. काम भरांत असतांना ४० हजारांवर मजूर डोंगराला लटकून होते. त्यांच्यांत पटकी शिरली, सुरुंग उडाले, कडे ढांसळले. ठेकेदारीणबाईंचें नांव इतिहासांत राहिलें, तें राहावें हें योग्यच. त्या मजुरांपैकीं मात्र एकाचेंहि नांव मला कोठें सांपडलेलें नाहीं. आज जो उतारू तेथून घोरत जातो, त्याच्या वाटेवरचे ते जुने बोगदे हातानें कोरलेले आहेत.

इंजिनियरांची भीति चढाची नव्हती, उताराची होती. गाडी चढेल याची त्यांस खात्री होती. ती सुटली तर धरील कोण हा प्रश्न होता. म्हणून मार्गाच्या मध्यें खंडाळ्याच्या खालीं एक उलट-स्थानक केलें. तेथें गाडीनें थांबावयाचें, इंजिनानें एका टोकाहून दुसऱ्या टोकास जावयाचें, आणि मग उलट दिशेनें पुढचा उतार. सुटलेली गाडी वर चढून थांबावी अशा आडवाटाहि रुळांस काढून ठेवल्या. १९२९ सालीं नवे बोगदे खोदून मार्ग सरळ केला तेव्हां हें उलट-स्थानक गेलें, आणि त्याच सुमारास वाफेच्या जागीं वीज आली. तोंपर्यंतच्या सासष्ट वर्षांत प्रत्येक रात्रीच्या गाडीला घाटाच्या पोटांत एकदां थांबून श्वास घ्यावा लागे. आजहि मुंबईहून येणाऱ्या गाडीस कर्जतेस मागून ढकलणारीं जादा इंजिनें लागतात. तो धक्का बसला कीं अर्धवट झोंपेंतला उतारू कूस बदलतो. कोणी वडेवाल्याची हांक ऐकून उठतो. पालखीच्या टप्प्याची एवढी एक खूण आगगाडीनें राखून ठेवली आहे.

आगगाडीनें सर्वांस प्रवास दिला; झोंप दिली नाहीं. ती कित्येक पिढ्या वरच्या वर्गांपुरती राहिली. पहिल्या वर्गाच्या डब्यांत लांब गादीचीं बाकें असत. वळकटी सोडावी, सुरईंतलें पाणी प्यावें, दिवा मंद करून निजावें. तिसऱ्या वर्गांत लांकडी फळ्या, आणि त्यांवर बसण्यापुरती जागा. यात्रेच्या दिवसांत तर उतारूंस मालाच्या डब्यांत घालीत. पंढरीच्या वाटेवरचें कुर्डुवाडी स्टेशन आणि तेथून बार्शीस जाणारी कॅलथ्रॉप यांची १८९७ ची अरुंद रुळांची गाडी यांनीं जी गर्दी पाहिली असेल, तिची कल्पना आषाढींत आजहि करतां येते.

या मार्गावरील तिसऱ्या वर्गाच्या रात्रीचा एक साक्षीदार तरी नामांकित आहे. १९१७ च्या सप्टेंबरांत गांधीजी मुंबईहून मद्रासेस डाकगाडीनें तिसऱ्या वर्गांतून गेले. मद्रासची गाडी बोरघाट चढून पुणें, सोलापूर, रायचूर अशी जाते, म्हणजे ती रात्र आमच्याच रुळांवरची. भाडें तेरा रुपये नऊ आणे. डबा बावीस उतारूंचा, आणि तोहि बसण्यापुरता. निजण्याची सोय नाहीं, आणि प्रवास दोन रात्रींचा. दोघांतिघां अडदांडांखेरीज बाकी सर्वांस बसल्या बसल्या डुलक्या घ्याव्या लागल्या, आणि रायचुराच्या पुढें तर गर्दी असह्य झाली, असें त्यांनीं त्याच महिन्यांत लिहिलेल्या पत्रांत नमूद केलें आहे. त्या पत्रांतील घाणीचें वर्णन पुष्कळ जण सांगतात. मला त्यांतील झोंपेची तक्रार अधिक महत्त्वाची वाटते. ज्यानें पैसे भरले आहेत त्याला रात्रीं आडवें होण्याचा हक्क आहे, हें म्हणणें त्या काळीं नवीन होतें.

अमेरिकेंत हा हक्क आधीं विक्रीस निघाला. जॉर्ज पुलमन यानें गेल्याच्या मागच्या शतकांत, १८६५ च्या सुमारास, शयनाचे ऐषारामी डबे चालू केले, आणि प्रत्येक डब्यास एक कृष्णवर्णी सेवक दिला. बिछाना घालणें, बूट पुसणें, रात्रीं घंटा वाजली कीं धांवणें, हें त्याचें काम. त्याचें खरें नांव कोणी विचारीत नसे; मालकाच्या नांवावरून सर्वांसच 'जॉर्ज' म्हणत. महिन्याचे चारशें तास काम, आणि झोंप सांपडेल तेव्हां. या सेवकांनीं १९२५ सालीं ए. फिलिप रॅन्डॉल्फ यांच्या नेतृत्वाखालीं संघ काढला, बारा वर्षें भांडले, आणि १९३७ सालीं कंपनीकडून करार लिहून घेतला. त्यांत महिन्याचे तास २४० वर आले. इतरांच्या झोंपेची राखण करणाऱ्यांनीं स्वतःच्या झोंपेसाठीं लढा करून तो जिंकल्याचें याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाहीं. आपल्या भोयांना असा रॅन्डॉल्फ मिळाला नाहीं.

आपल्याकडे आडवें होण्याचा हक्क सामान्य उतारूस स्वातंत्र्यानंतर हळूहळू मिळाला. तीन मजली शय्यांचे डबे आले, १९७४ सालीं तिसरा वर्ग नांवानें नाहींसा झाला. पण फळी लांकडीच राहिली. ती मऊ केली एका मराठी प्राध्यापकानें. मधु दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवीत, कोंकणांतील राजापूर मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून येत, आणि १९७७ ते १९७९ या काळांत ते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या शय्येवर दोन इंचांची गादी बसवावी असा त्यांनीं आग्रह धरला. १९७७ च्या डिसेंबरांत मुंबई-हावडा गीतांजलि एक्स्प्रेस निघाली, तींत वरचा वर्गच ठेवला नव्हता. पुढें ती गादी सर्व गाड्यांत गेली. मंत्र्यांचीं स्मारकें पुष्कळ असतात. दोन इंचांचें हें स्मारक कोट्यवधि लोकांच्या पाठीस रोज लागतें, आणि तें कोणाचें हें त्यांस ठाऊक नसतें. प्राध्यापकांच्या हातून जगांत कांहीं व्यवहार्य होत नाहीं असें म्हणणाऱ्यांस मी हें उदाहरण देत असतों.

रस्त्याची कथा याहून उशिराची आहे. १ जून १९४८ रोजीं मुंबई सरकारची पहिली एस. टी. पुण्याहून त्या वेळच्या अहमदनगरास गेली; त्या आधीं खासगी मोटारवाल्यांच्या मर्जीचा कारभार होता. पुढें रात्रीच्या गाड्या आल्या आणि त्यांस कोणी रसिकानें 'रातराणी' हें नांव दिलें. फूल सुगंधी, गाडी बसण्याची. मान मोडून, समोरच्या दांडीवर कपाळ टेकून रात्र काढण्याचें शिक्षण माझ्या पिढीनें रातराणींतच घेतलें. मग रुंद महामार्ग झाले, मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ पर्यंत पुरा झाला, आणि मोटारगाडींत पालखीचा पुन्हा अवतार झाला. पडदा, गादी, उशी, एकाची खोली, दोघांची खोली. सुधारणेचें चाक पूर्ण फिरून तेथेंच आलें. फक्त खांदे दिसेनासे झाले.

आतां निवडीचेंच बोलावयाचें तर घाटासाठीं कांहीं गोष्टी सांगण्यासारख्या आहेत, आणि त्या कोणत्याहि पदार्थविज्ञानाच्या शिक्षकास पटतील. मागच्या चाकांच्याहि मागें असलेली शय्या घेऊं नये. चाक खळग्यांत गेलें कीं गाडीचें तें टोंक तरफेच्या टोंकासारखें उसळतें. दोन चाकांच्या मधली जागा सर्वांत शांत. वरची शय्या खालचीपेक्षां अधिक झुलते, कारण गाडी वळणावर कलते ती खालून, आणि जो जितका वर त्याचा झोंका तितका मोठा. डोकें कोणीकडे करावें याचा विचार तर बहुतेक कोणी करीतच नाहीं. सोलापुराहून कोंकणांत उतरणाऱ्यानें पाय पुढें, चालकाकडे, करून निजावें. गाडी उतरूं लागली म्हणजे पुढची बाजू खालीं जाते. डोकें पुढें असेल तर रक्त डोक्याकडे येतें, आणि चालकानें एकाएकीं गाडी आंवळली तर पहिला आघात कपाळावर बसतो. मळमळ होणाऱ्यानें आंबोलीच्या किंवा आंब्याच्या वळणांत उठून बसूं नये. कानांतील तोल एक सांगतो आणि डोळे दुसरें, या भांडणांत पोट मधल्यामध्यें सांपडतें. डोळे मिटून आडवें पडल्यानें निदान एक पक्ष गप्प राहतो.

पण एवढ्यानें निवड पुरी होत नाहीं. ८ ऑक्टोबर १९२२ च्या बरोबर शंभर वर्षांनंतर, म्हणजे ८ ऑक्टोबर २०२२ रोजीं, पहाटे नाशकाजवळ यवतमाळहून मुंबईस निघालेली एक खासगी बस मालमोटारीवर आदळून पेटली. बारा माणसें गेलीं. १ जुलै २०२३ रोजीं मध्यरात्रीनंतर नागपुराहून पुण्यास जाणारी एक बस समृद्धि महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि जळाली, त्यांत पंचवीस. दोन्ही वेळ झोंपेच्या होत्या. निजलेला मनुष्य आगीपासून पळतो तो जागा होऊन, उठून, पडदा सारून, अरुंद वाटेंत उतरून, आणि मग दार शोधून. बसलेल्या मनुष्याहून त्याच्या मार्गांत तीनचार पायऱ्या अधिक असतात. चीनमध्यें २०११ सालीं अशाच एका शयनगाडीच्या आगींत ४१ माणसें मेल्यावर पुढच्या वर्षापासून नव्या शयन-बसगाड्या बनविणेंच बंद करण्यांत आलें. आपल्याकडे तेवढ्या टोकास जावें असें मी म्हणणार नाहीं. ज्या गांवीं रूळ नाहीं तेथील आजाऱ्यास ही गाडीच आधार आहे. पण आपत्कालीन दार कोठें आहे आणि तें सामानानें अडलेलें तर नाहीं ना, हें निजण्यापूर्वीं पाहून ठेवण्यास कांहीं खर्च येत नाहीं.

आणि चालक. बोरघाटांत भोई दमला तर पालखी टेके. उतारूस तें कळे. इंजिनाचा चालक घाटावर थांबे, कारण उलट-स्थानकच त्यास थांबवी. मोटारगाडीच्या चालकास थांबविणारें कांहीं नाहीं. १९६१ सालीं मोटार-वाहतुकीच्या कामगारांसाठीं झालेल्या कायद्यानें दिवसाचे आठ तास, आणि लांब पल्ल्यास परवानगीनें दहा, अशी मर्यादा घातली. पांच तासांनंतर अर्धा तास विश्रांति सांगितली. पण तो कायदा पांच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांपुरता होता, आणि एकदोन गाड्यांचा मालक त्याच्या बाहेर सहज राही. शय्येची गादी किती जाड, भारणीची खुंटी चालते कीं नाहीं, पांघरूण धुतलेलें आहे काय, हे प्रश्न आपण विचारतों; पुढें बसलेला मनुष्य काल रात्रीं कोठें होता आणि आज दुपारीं निजला होता काय, हें विचारीत नाहीं.

लांबच्या घाटमार्गावर जाणाऱ्या कांहीं बसगाड्यांत चालकाच्या पाठीमागें एक अरुंद फळी असते. दुसरा चालक तेथें निजतो. सपाटीचा रस्ता एकानें ओढावा आणि घाट येण्याआधीं चहासाठीं थांबून दोघांनीं जागा बदलाव्या, अशी चांगल्या मालकांची रीत आहे. आरक्षणाच्या नकाशांत सर्व शय्या रंगवून दाखविलेल्या असतात. ही फळी त्यांत नसते. तिकीट काढतांना मी तिच्याविषयीं विचारतों. दुकानांतला मुलगा प्रथम गोंधळतो, मग फोन लावतो, आणि पुष्कळदां 'दोघं आहेत, सर' असें उत्तर येतें. एकच आहे असें कळलें, आणि जावयाचें मुंबईस असलें, तर मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्यें खालची शय्या शिल्लक आहे काय तें पाहतों.